न गोठणारे चुंबकत्व : त्रिकोण, तांबे आणि पुराव्याचा प्रश्न

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी असाव्यात, सत्कार असावेत, निकालांचे तक्ते असावेत, हे खरेच. परंतु ज्या शाळेने आपल्याला वाचायला शिकवले तिच्या स्मरणिकेत एखादा पाठही असावा, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेख पाठाच्या रूपाने लिहीत आहोत. विषय पदार्थविज्ञानाचा आहे आणि आम्ही इतिहासाचे शिक्षक. तेव्हा समीकरणे येथे नाहीत. एखादी कल्पना कोणाला सुचली, ती वस्तूत उतरवण्यासाठी कोणी काय केले, आणि ती उतरली असे कशावरून म्हणायचे, हे प्रश्न मात्र मुळात इतिहासाचेच आहेत. त्यांच्याच वाटेने या विषयात शिरणे आम्हांस जमण्याजोगे वाटले.

फुटक्या भोंग्यातून काढलेले चुंबक आपल्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत वाढलेल्या प्रत्येकाने हाताळलेले असते. दोरीला बांधून ते धुळीतून ओढत न्यायचे आणि त्याला चिकटलेला काळा कीस कागदावर झटकायचा. चुंबक असे का वागते? लोखंडाच्या अणूंतील काही इलेक्ट्रॉन हे स्वतःच अतिसूक्ष्म चुंबक असतात. इलेक्ट्रॉनच्या या गुणाला ‘स्पिन’ म्हणतात. मराठीत कोणी त्यास फिरकी म्हणतात. परंतु इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगरतो, असे चित्र मनात धरू नये. त्याला दिशा असते एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. लोखंडात शेजारी-शेजारी स्पिन एकाच दिशेला तोंड करतात आणि त्यांची बेरीज आपल्या हाताला जाणवते. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की ही शिस्त मोडते. थंड केले की परत येते.

बहुसंख्य चुंबकी पदार्थांत मात्र याच्या उलट घडते. तेथे प्रत्येक स्पिनला शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करावयाचे असते. एक वर, एक खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. बाहेरून पाहता बेरीज शून्य, म्हणून अशा पदार्थाला टाचणीही चिकटत नाही. फ्रान्सचे लुई नेएल यांनी ही कल्पना १९३० च्या दशकात मांडली आणि १९७० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत क्लिफर्ड शल यांनी १९४९ साली न्यूट्रॉनचे झोत मँगेनीजच्या ऑक्साइडवर सोडून ही वर-खाली मांडणी प्रत्यक्ष दाखवली. आपल्याकडे तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ पासून असलेल्या ध्रुव अणुभट्टीच्या न्यूट्रॉन झोतांवर याच जातीचे प्रयोग होतात.

आता कुचंबणेकडे येऊ. वर्गात आम्ही हा खेळ घेतो. चार मुलांना चौकोनात उभे करायचे आणि सांगायचे, की प्रत्येकाने एकतर फळ्याकडे पाहावे किंवा मागच्या भिंतीकडे. पण शेजाऱ्याच्या उलट. क्षणात जमते. मग एकाला बसवून तिघांना त्रिकोणात उभे करायचे. पहिला फळ्याकडे, दुसरा भिंतीकडे. तिसऱ्याने कोठे पाहावे? कोणत्याही बाजूस पाहिले तरी एका शेजाऱ्याशी नियम मोडतोच. मुले हसतात, ढकलाढकली करतात, आणि मग कोणीतरी म्हणते, ‘सर, हे होऊच शकत नाही.’ ते बरोबरच असते. भौतिकीत या अवस्थेला जे इंग्रजी नाव जेरार तुलूझ यांनी १९७७ साली रूढ केले, त्यास मराठीत कुचंबणा याहून नेमका शब्द आम्हांस सापडलेला नाही. दोष कोणा एकाचा नसतो. रचनाच अशी असते की सर्वांचे समाधान एकाच वेळी होऊ शकत नाही.

त्रिकोणांनी भरलेल्या स्फटिकात अब्जावधी स्पिनांची अशी कुचंबणा होते. मग पदार्थ थंड करीत गेल्यास काय व्हावे? पाणी थंड केले की गोठून बर्फ होते. स्पिनही थंडीत कोणत्या ना कोणत्या ठरावीक मांडणीत गोठतात. मात्र हेलियम हा असा पदार्थ आहे की नेहमीच्या दाबाखाली तो कितीही थंड केला तरी द्रवच राहतो. पुंजभौतिकीच्या नियमांनी त्याच्या अणूंची हालचाल थांबत नाही. तसे एखाद्या चुंबकी पदार्थातील स्पिन निरपेक्ष शून्यापर्यंत, म्हणजे उणे २७३ अंशांच्या सीमेपर्यंत, कधीच गोठले नाहीत तर? अशा अवस्थेला ‘क्वांटम स्पिन द्रव’ म्हणतात. येथे ‘द्रव’ हा शब्द स्पिनांपुरता आहे. स्फटिक दगडासारखा टणकच असतो. त्यातील अणू जागचे हलत नाहीत. द्रवासारखी असते ती दिशांची स्थिती.

या कल्पनेच्या पूर्वेतिहासातील एक महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले, हे पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंचलकुमार मजुमदार आणि त्यांचे विद्यार्थी दीपन घोष यांनी १९६९ साली एक रचना कागदावर सोडवून दाखवली. स्पिनांची एक सरळ साखळी घ्या. प्रत्येकाचे लगतच्या शेजाऱ्याशी भांडण आहे आणि एक सोडून पलीकडच्या शेजाऱ्याशी त्याच्या निम्म्या जोराचे भांडण आहे. ही कुचंबणाच झाली, कारण लगतचे दोघे आणि पलीकडचा एक मिळून त्रिकोणच होतो. त्यांनी सिद्ध केले की अशा साखळीत स्पिन वर-खाली अशा रांगेत उभे राहत नाहीत, तर दोघा-दोघांच्या जोड्या करतात. प्रत्येक जोडीत दोघे परस्परांच्या विरुद्ध असतात, पण कोणता वर आणि कोणता खाली हे ठरलेलेच नसते. बेरीज शून्य, दिशा कोणतीच नाही. आपल्या नेहमीच्या अनुभवात याला जोड नाही. पुंजभौतिकीत मात्र ही साधी गोष्ट आहे. बाकावरच्या मुलांनी डावीकडच्याशी जोडी करावी की उजवीकडच्याशी, असे दोनच पर्याय या साखळीत उरतात. मजुमदार पुढे कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय केंद्राचे पहिले संचालक झाले. घोष यांनी पवईच्या आयआयटीत अध्यापन केले. जगभर आज ही रचना मजुमदार-घोष प्रतिरूप याच नावाने शिकवली जाते.

चार वर्षांनी, १९७३ मध्ये, अमेरिकेच्या फिलिप अँडरसन यांनी पुढचे पाऊल टाकले. साखळीऐवजी त्रिकोणांचे सपाट जाळे घेतले, तर जोड्या दोनच प्रकारे न पडता असंख्य प्रकारे पडू शकतात. मग त्या सर्व प्रकारांचे एकाच वेळी मिश्रण का असू नये? आता ही जोडी, आता ती, असे नव्हे. सर्व जोडण्या एकदमच. हा स्पिन द्रवाचा पहिला स्पष्ट आराखडा. त्यांनी ज्या साध्या त्रिकोणी जाळ्यावर तो मांडला, त्यावर तो लागू पडत नाही, असे पुढील गणितांनी दाखवले. तेथे स्पिन परस्परांशी १२० अंशांचा कोन करून तडजोड करतात आणि गोठतात. कल्पना टिकली, उदाहरण बदलावे लागले. विचारांच्या इतिहासात हे वारंवार घडते.

मजुमदारांचे आणखी एक विद्यार्थी आपल्या वऱ्हाडचे. श्रीराम शास्त्री यांचा जन्म १९५० साली अकोल्याचा. त्यांनी बिल सदरलँड यांच्यासह १९८१ मध्ये एक सपाट जाळे कल्पिले. त्यात चौकोनांत काही ठिकाणी तिरप्या रेघा मारून कुचंबणा निर्माण केली होती, आणि तेथेही जोड्यांचे उत्तर अचूक निघत होते. असा पदार्थ निसर्गात आहे का, हे तेव्हा कोणास माहीत नव्हते. १९९१ साली रसायनशास्त्रज्ञांनी स्ट्राँशियम, तांबे, बोरॉन आणि ऑक्सिजन यांचे एक संयुग बनवून त्याची रचना नोंदवून ठेवली. परंतु ती रचना म्हणजे शास्त्री-सदरलँड यांचेच जाळे आहे, हे ओळखले गेले ते १९९९ साली, जपानमध्ये कागेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मोजमापांनंतर. आठ वर्षे उत्तर एका कपाटात होते आणि प्रश्न दुसऱ्या कपाटात. दप्तरखान्यात काम केलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही.

या पदार्थातील जोड्या एका जागी ठरलेल्या आहेत, म्हणून तो द्रव नव्हे. परंतु त्याने दाखवून दिले की कागदावरची जाळी प्रत्यक्ष स्फटिकात सापडू शकते. मग प्रश्न उलट फिरला. सापडण्याची वाट का पाहावी? हवी तशी जाळी मुद्दाम घडवता येणार नाही का?

घडवणाऱ्याला प्रथम असा अणू हवा, ज्याचा स्पिन शक्य तेवढा लहान असेल, कारण स्पिन जितका लहान तितके पुंजनियमांचे राज्य अधिक. तांब्याचा दोन धनप्रभार असलेला आयन येथे उत्तम, कारण त्यात एकच इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असतो. मोरचुदाचा निळा रंग आपल्या प्रयोगशाळेत सर्वांनी पाहिला आहे. तो याच आयनाचा. नंतर हे आयन अशा जाळीत बसवायचे जेथे त्रिकोण भरपूर असतील, पण शेजारी थोडे असतील. साध्या त्रिकोणी जाळीत प्रत्येक बिंदूला सहा शेजारी असतात. त्रिकोण केवळ टोकाला टोक लावून जोडले, तर मध्ये षट्कोनी भोके पडतात आणि प्रत्येक बिंदूला चारच शेजारी उरतात. शेजारी कमी म्हणजे बंधने कमी, आणि गोठण्याचा संभवही कमी.

या दुसऱ्या जाळीला जगभर ‘कागोमे’ म्हणतात. जपानी भाषेत कागो म्हणजे टोपली आणि मे म्हणजे डोळा. जपानच्या इचिरो शोजी यांनी १९५१ साली या जाळीचे गणित प्रसिद्ध केले आणि बांबूच्या टोपलीच्या विणीवरून आलेले हे नाव रूढ झाले. तीन दिशांनी कामट्या घालून षट्कोनी डोळे सोडत विणलेली बांबूची टोपली पुढे ठेवली, तर कागोमे समजावून सांगण्यास फळाही लागत नाही. आपल्याकडेही बांबूचे विणकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. कोणत्या विणीला किती कामट्या लागतात आणि ती कोठे ताण घेते, हे बुरडाच्या बोटांना पक्के ठाऊक होते. परंतु ज्या हातांत वीण होती त्या हातांत लेखणी येऊ दिली गेली नव्हती. म्हणून आमच्या टोपल्यांवरून कोणत्याही गणिताला नाव पडले नाही.

कागोमे जाळीत तांबे बसवलेले एक खनिज चिलीमध्ये सापडले आणि २००४ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. ब्रिटिश खनिजतज्ज्ञ हर्बर्ट स्मिथ यांच्या नावावरून त्यास हर्बर्टस्मिथाइट म्हणतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटीत डॅनियल नोसेरा यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात बनवले. युक्ती पाहण्यासारखी आहे. तांबे, हायड्रॉक्सिल आणि क्लोरीन यांच्या एका जुन्या खनिजात तांब्याचे कागोमे थर असतात. पण थरांच्या मध्येही तांबेच बसलेले असते, ते थरांना एकमेकांशी बांधते आणि सारे गोठते. मधल्या तांब्याच्या जागी जस्त घातले की बंध तुटतो, कारण जस्ताच्या आयनात सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असतात आणि त्याला चुंबकत्व नसते. तांब्याचे संयुग आणि जस्ताचे क्लोराइड पाण्यासह बंद पात्रात सुमारे २०० अंशांवर तापवून हिरवी पूड मिळाली. तिच्यातील स्पिनांच्या भांडणाचा जोर सुमारे २०० केल्व्हिनचा. साधा पदार्थ त्या सुमारास किंवा थोड्या खाली गोठला असता. ही पूड ०.०५ केल्व्हिनपर्यंत थंड केली तरी गोठण्याचे चिन्ह दिसले नाही.

मात्र ज्या गुणामुळे जस्त निवडले, तोच गुण अडचणीचा ठरला. आवर्तसारणीत तांबे एकोणतिसावे, जस्त तिसावे. दोघांचे आकार जवळजवळ सारखे. म्हणून जस्त तांब्याच्या जागी सहज बसते. आणि म्हणूनच तांबेही जस्ताच्या जागी घुसते. क्ष-किरणांना या दोघांत फरक करणे अवघड, कारण त्यांच्यात केवळ एका इलेक्ट्रॉनचे अंतर आहे. २०१० साली विशेष ऊर्जेचे क्ष-किरण वापरून हे तपासले गेले, तेव्हा जस्ताच्या सुमारे १५ टक्के जागांवर तांबे असल्याचे, कागोमे थर मात्र जवळजवळ निर्भेळ असल्याचे आढळले. हे आगंतुक तांबे मोजमापांत स्वतःचा आवाज मिसळते, आणि द्रवाचा आवाज कोणता, आगंतुकाचा कोणता, हे वेगळे करणे हेच पुढील अनेक वर्षांचे काम होऊन बसले.

महाराष्ट्रातही असे पदार्थ घडतात. पवईच्या आयआयटीतील ए. व्ही. महाजन यांच्या गटाने देशोदेशींच्या सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये बेरियम, इरिडियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांच्या एका नव्या संयुगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इरिडियमचे त्रिकोणी थर आहेत आणि त्यांच्या मध्ये चुंबकत्व नसलेल्या टायटॅनियमचे थर. भांडणाचा जोर सुमारे १३० केल्व्हिन, तरीही ०.३५ केल्व्हिनपर्यंत स्पिन गोठले नाहीत. येथेही इरिडियम आणि टायटॅनियम यांची जागांची अदलाबदल हा प्रश्न होताच.

अशी संयुगे कशी बनतात, हे पालकांनी ऐकण्याजोगे आहे. घटकांच्या पुडी अचूक तोलायच्या, अकीकाच्या खलात तासन्‌तास घोटायच्या, दाबून वडी करायची, भट्टीत हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमानास भाजायची, काढायची, पुन्हा घोटायची, पुन्हा भाजायची. मध्येच क्ष-किरणांनी तपासायचे आणि नको ती भेसळ दिसली की प्रारंभापासून आरंभ. कोऱ्या कोटात बसून बटणे दाबणे म्हणजे संशोधन, असा समज ज्यांचा असेल त्यांनी या कामातील हातांचे श्रम पाहावेत. ज्या घरांत कष्ट ठाऊक आहेत तेथील मुलांना हे परके वाटण्याचे कारण नाही.

दरम्यान दुसरी वाट निघाली. अलेक्सी कितायेव यांनी २००६ साली मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी घेतली. तीत त्रिकोण नाहीत, पण प्रत्येक स्पिनच्या तीन शेजाऱ्यांपैकी प्रत्येकाची मागणी वेगळ्या दिशेची आहे. कुचंबणा आकारातून न येता मागण्यांतून येते. या प्रतिरूपाचे अचूक उत्तर स्पिन द्रवच निघते. २००९ मध्ये जॅकेली आणि खालिउलिन यांनी अशा मागण्या इरिडियमसारख्या जड अणूंत उद्भवू शकतात, हे दाखवले. हा खऱ्या अर्थाने पदार्थाचा आराखडा होता. त्यानुसार सोडियम आणि इरिडियम यांचे ऑक्साइड तपासले गेले. ते सुमारे १५ केल्व्हिनला गोठले. रुथेनियमचे क्लोराइड सुमारे ७ केल्व्हिनला गोठले. मागण्या बरोबर होत्या, पण त्यांच्या जोडीला इतर लहान-मोठी आकर्षणेही होती. तीव्र चुंबकी क्षेत्रात रुथेनियमच्या पदार्थातील गोठण नाहीशी होते, आणि तेथे द्रवाची खूण सापडल्याचे क्योटोच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जाहीर केले. इतर प्रयोगशाळांचे निष्कर्ष त्याच्याशी सर्वस्वी जुळलेले नाहीत.

याचा उपयोग काय, हा प्रश्न सभेत नेहमी येतो. कितायेव प्रकारच्या द्रवात माहिती अशा रीतीने साठवता येईल की बाहेरच्या लहानसहान धक्क्यांनी ती बिघडणार नाही, आणि त्यातून क्वांटम संगणकाला आधार मिळेल, अशी आशा आहे. आज ती आशाच आहे. दुसरा प्रश्न नोकरीचा. बारावी विज्ञानानंतर पुण्यातील आयसर या २००६ साली स्थापन झालेल्या संस्थेत प्रवेशपरीक्षेद्वारे जाता येते. पदवीनंतर आयआयटी आणि टाटा संस्थेचे मार्ग आहेत. पीएचडी करताना विद्यावृत्ती मिळते, आणि अनुसूचित जातींतील संशोधकांसाठी बार्टीची अधिछात्रवृत्तीही आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना या वाटा ठाऊक आहेत, त्यांनी सुटीत वसतिगृहात येऊन मुलांशी तासभर बोलावे, ही आमची विनंती आहे.

आता पुराव्याविषयी, कारण आमच्या मते या विषयातील सर्वांत कठीण गाठ तेथेच आहे. ‘गोठले’ हे दाखवता येते; न्यूट्रॉनच्या चित्रात ठिपके उमटतात. ‘गोठले नाही’ हे केवळ अभावाचे विधान आहे. ताम्रपट सापडला नाही म्हणून दान झालेच नाही, असे इतिहासकार म्हणू शकत नाही. तद्वतच ठिपके नाहीत म्हणून द्रव आहे, असे भौतिकशास्त्रज्ञास म्हणता येत नाही. पदार्थातील भेसळीने, अव्यवस्थेनेही गोठण लांबू शकते. इटर्बियमचे एक संयुग २०१५ मध्ये मोठ्या अपेक्षेने पुढे आले. त्यात मॅग्नेशियम आणि गॅलियम यांची जागांची सरमिसळ असल्याने दिसणारी लक्षणे द्रवाची की गोंधळाची, असा वाद उभा राहिला. तांबे असलेला एक सेंद्रिय स्फटिक २००३ पासून आघाडीचा उमेदवार मानला जात होता. २०२१ मधील मोजमापांत त्याचे चुंबकत्व ६ केल्व्हिनच्या सुमारास मावळत असल्याचे दिसले, आणि त्याचे स्थान डळमळले.

म्हणून अभावाबरोबर भावाचाही पुरावा मागितला जातो. द्रवात एक स्पिन उलटवला, तर तो धक्का दोन अर्ध्या तुकड्यांत विभागून स्वतंत्रपणे फिरू लागतो, असे सिद्धांत सांगतो. न्यूट्रॉनच्या चित्रात अशा वेळी रेखीव ठिपक्यांऐवजी पसरट धुके दिसावे. हर्बर्टस्मिथाइटचे मोठे स्फटिक वाढवून २०१२ मध्ये यंग ली यांच्या गटाने असे धुके दाखवले, आणि आजवरचा हा सर्वांत वजनदार पुरावा होय. तरीही त्या द्रवाची जात कोणती, हे ठरलेले नाही. त्याला जागे करण्यास किमान काही ऊर्जा लागते, असे २०१५ मध्ये ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवरील मोजमापांतून मांडले गेले. २०२० मध्ये त्याच पद्धतीच्या मोजमापांतून, तशी किमान मर्यादा नाही, असे उलट उत्तर आले. या दुसऱ्या शोधनिबंधाचे पहिले लेखक पी. खुंटिया, आयआयटी मुंबईच्या २०१२ च्या शोधनिबंधातही त्यांचे नाव आहे. पदार्थ एक, पद्धत एक, वाचन दोन. आणि आगंतुक तांब्याचा आवाज कोणी किती वजा केला, यावर सारा वाद अडून आहे.